झाडावरचे बाशिंग
जुन्या वृक्षांच्या आश्रयाने राहणाऱ्या एका नेच्याची ओळख

मुंबईहून नाशिककडे जाणारा प्रवासी भिवंडी ओलांडून पडघ्याच्या पुढे सरकला, की पावसाळ्यात त्याला माहुलीचे सुळके ढगांत डोकावताना दिसू लागतात. सह्याद्रीची ही चाहूल अनेकांच्या परिचयाची आहे. मात्र या वाटेवरच्या जुन्या आंब्या-वडाच्या फांद्यांकडे फारसे कोणी मान वर करून पाहत नाही. पाहिले, तर एखाद्या जाड फांदीच्या बेचक्यात तपकिरी, कागदासारख्या वाळलेल्या पानांचा झुबका आणि त्यातून वर झेपावलेली हिरवीगार, खोल कातरलेली लांब पाने दिसण्याचा संभव असतो. गावातील माणसे त्याला बाशिंग म्हणतात. काही ठिकाणी त्याचे नाव वांदरबाशिंग असेही आहे. नवरदेवाच्या कपाळावर बांधलेल्या बाशिंगासारखी त्याची ठेवण पाहिली, म्हणजे हे नाव देणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते.

शहरी माणूस मात्र ते पाहून बहुधा एकच शब्द उच्चारतो : बांडगूळ! बाशिंगाच्या वाट्याला येणारा सगळा अन्याय या एका शब्दात सामावलेला आहे. झाडाला लागलेली कीड समजून ते खरवडून काढले जाते. आणि झाडच तोडायचे असेल, तर त्याची दखल घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वस्तुतः बाशिंग हे बांडगूळ नव्हे. तो एक नेचा, म्हणजेच फर्न आहे, आणि झाडावर राहत असला तरी झाडाच्या जिवावर जगत नाही.

बांडगूळ आणि बिऱ्हाडकरू

आंब्यावर हमखास आढळणारे खरे बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या आत घुसवते आणि तिच्यातून वाहणारे पाणी व क्षार ओढून घेते. बांडगुळाला बळ येते तसतशी फांदी रोडावत जाते. बाशिंगाची मुळे सालीच्या खाली जात नाहीत. सालीच्या खरखरीत पृष्ठभागाला आणि भेगांना ती घट्ट धरून राहतात, एवढेच. अन्न ते आपल्या हिरव्या पानांत सूर्यप्रकाशावर स्वतःच तयार करते. पाणी पावसाचे आणि हवेतील आर्द्रतेचे. झाडाकडून त्याला हवी असते ती केवळ जागा. जमिनीवरच्या सावलीतून वर येऊन उजेडात बसण्यासाठी त्याने घेतलेले ते बिऱ्हाड असते. अर्थात, फार मोठ्या झुबक्याचा, विशेषतः पावसाने भिजल्यावर, किडक्या फांदीला भार होऊ शकतो. पण तो भार वजनाचा असतो, शोषणाचा नव्हे.

अशा वनस्पतींना मराठीत अपिवनस्पती असा शब्द आहे. जगभरात त्यांच्या सुमारे तीस हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा ऑर्किडांचा असून त्याखालोखाल नेच्यांचा क्रमांक लागतो. उष्ण कटिबंधातील डोंगराळ जंगले हे त्यांचे खरे माहेर. ढग जिथे झाडांच्या शेंड्यांना टेकतात, तिथे फांद्यांवर शेवाळाची गादी तयार होते आणि तीवर नेचे, ऑर्किड यांची वस्ती होते. महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली येथे पावसाळ्यात झाडांना जी हिरवी लव फुटलेली दिसते, ती याच वस्तीची. बाशिंगाचा पसारा याहून मोठा आहे. भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे थेट ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागापर्यंत ते आढळते, आणि झाड नसेल तर कातळावर किंवा जुन्या दगडी भिंतीवरही जगते. सह्याद्रीच्या माथ्यावरच नव्हे, तर त्याच्या पायथ्याच्या उतरत्या जंगलांतही ते आपले बिऱ्हाड थाटते.

दोन तऱ्हांची पाने

बाशिंगाचे शास्त्रीय नाव ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया. या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ओक वृक्षाचाच उल्लेख आहे, एकात ग्रीक आणि दुसऱ्यात लॅटिन. आपल्याकडच्या लोकांना त्या पानांत बाशिंग दिसले, युरोपीय अभ्यासकांना ओकचे पान दिसले. दोघांचीही नजर गेली ती मात्र एकाच गोष्टीवर, ती म्हणजे बुडाशी असलेल्या आखूड, रुंद, कडेने कातरलेल्या पानांवर.

या वनस्पतीचे सारे रहस्य तिच्या पानांच्या दोन तऱ्हांत आहे. वर झेपावणारी लांब देठाची हिरवी पाने अन्न तयार करतात आणि पुनरुत्पादनाचे कामही करतात. ती साधारण हातभर ते त्याहूनही लांब वाढतात. बुडाची पाने मात्र निराळीच. त्यांना देठ नसतो. फुटताना ती हिरवट असतात, पण थोड्याच काळात त्यांतील हरितद्रव्य नाहीसे होते आणि ती तपकिरी, ताठ, कागदासारखी होतात. पाहणाऱ्याला वाटते, पान मेले. खरे तर त्याचे काम तेव्हाच सुरू होते. ही वाळकी पाने गळून पडत नाहीत. फांदीला टेकून ती ओंजळीसारखी उभी राहतात आणि त्या ओंजळीत वरून गळणारा पाचोळा, सालीचे तुकडे, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, मेलेले कीटक असे काय काय साठत जाते. पावसात ते कुजते आणि त्याचे खत होते. नेच्याची मुळे याच खतातून नत्र, स्फुरद आदी द्रव्ये मिळवतात.

जमिनीशी संबंध तोडलेल्या वनस्पतीपुढे माती कोठून आणायची, हा पहिला प्रश्न असतो. बाशिंगाने त्याचे उत्तर आपल्याच वाळलेल्या पानांतून काढले आहे. शेतकरी बांधाच्या कडेला उकिरडा राखतो, तसा हा नेचा जमिनीपासून वीस-पंचवीस फुटांवर स्वतःचा खतखड्डा राखतो आणि त्यातूनच आपली माती घडवतो.

आठ कोरडे महिने

ठाणे जिल्ह्यात वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेला काळ कोरडा, आणि चैत्र-वैशाखातील ऊन तर रखरखीत. सदैव ओल्या जंगलात नेच्याने जगावे यात नवल नाही. पण पडघ्यासारख्या ठिकाणच्या उन्हाळ्यात उघड्या फांदीवर बसून एखादा नेचा तग धरतो, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

त्याची युक्ती साधी आहे. पाऊस सरल्यावर हिरवी पाने हळूहळू पिवळी पडतात आणि त्यांचे कातरलेले भाग एकेक करून सांध्यापाशी गळतात. अनेकदा मधली शीर तेवढी काटकीसारखी उभी राहते. पाने गेली, की पाणी उडून जाण्याचा मोठा मार्गच बंद होतो. मागे उरते ते फांदीला वेढून बसलेले जाड, गरयुक्त मूलक्षोड, म्हणजे आडवे वाढणारे खोड. त्यावर दाट तपकिरी शल्कांची लव असते. या खोडात पाण्याचा व अन्नाचा साठा असतो, आणि भोवतालच्या वाळक्या पानांच्या आवरणामुळे ऊन थेट त्याच्यावर येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बाशिंग पाहणाऱ्याला तो निव्वळ कचरा वाटतो. पहिल्या दोन-चार सरी पडल्या, की त्याच कचऱ्यातून नव्या पानांचे आकडेबाज कोंब वर येतात. सोसायटीच्या आवारात वा रस्त्याच्या कडेला झाडांची साफसफाई होते ती बहुधा पावसापूर्वी, नेमकी याच काळात. साहजिकच जिवंत नेचा वाळका पाला म्हणून काढून टाकला जातो.

जुनेच झाड का हवे?

नेच्यांना फूल नसते, फळ नसते, बी नसते. पानाच्या पाठीवर जे बारीक तपकिरी ठिपके दिसतात, त्यांत धुळीहून सूक्ष्म अशी बीजुके असतात. ती वाऱ्यावर दूरवर जातात. पण कोठेही पडली, तरी रुजतातच असे नाही. बीजुकातून थेट नवा नेचा उगवत नाही. आधी त्यातून काही मिलिमीटर आकाराचा, हिरवा, पातळ, मूळ-खोड-पान असा भेद नसलेला एक इवलासा जीव तयार होतो. त्याच्यावर नर व मादी पेशी निर्माण होतात, आणि नरपेशीला मादीपेशीपर्यंत पाण्याच्या पातळ थरातून पोहत जावे लागते. त्यानंतर कोठे खऱ्या नेच्याचा जन्म होतो.

या सर्व काळात त्या इवल्या जीवाला ओलावा हवा असतो आणि हलणार नाही अशी जागा हवी असते. खरखरीत, भेगाळलेली, शेवाळ धरलेली साल ही त्याची बाळंतिणीची खोली. अशी साल कोवळ्या झाडाला नसते. ती येण्यास वर्षांमागून वर्षे जावी लागतात. फांद्याही पुरेशा जाड आणि आडव्या असाव्या लागतात, म्हणजे त्यांवर पाचोळा ठरतो. आंबा, वड, फणस यांसारखी दीर्घायुषी झाडे म्हणूनच अपिवनस्पतींना मानवतात. उलट, निलगिरीसारखे झाड आपली साल वरचेवर सोडत असल्यामुळे तिच्यावर बसलेला पाहुणाही सालीबरोबर खाली येतो. थोडक्यात, बाशिंग हे झाडाच्या वयाचे एक प्रमाणपत्रच आहे. ज्या झाडावर ते नांदते आहे, ते झाड आणि भोवतीचा परिसर बराच काळ निवांत राहिला असावा, असे समजण्यास हरकत नाही.

ग्रंथांतील बाशिंग

या नेच्याची लेखी परंपराही जुनी आहे. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने सतराव्या शतकात तेथील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या कामात साहाय्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. शेवटच्या खंडात ज्या वनस्पतींची चित्रे आली, त्यांत बाशिंगही आहे. पुढे लिनीअसने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि १८४१ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ड्रायनारिया या प्रजातीत आणले. आपल्या परिसरापुरते बोलायचे, तर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी जे. एफ. डी’अल्मेडा यांच्यासह लिहिलेला ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९२२ मध्ये निघाला. तत्कालीन मुंबई इलाख्यातील नेच्यांच्या अभ्यासाचा तो पाया ठरला.

नेचे म्हणजे डायनासोरांच्या काळातील मागे उरलेले अवशेष, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. नेच्यांचा वंश फार प्राचीन, हे निर्विवाद. पण आज जगात असलेल्या नेच्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज सपुष्प वृक्षांची जंगले पसरू लागल्यानंतरच विविध जातींत विभागले गेले, असे प्रतिपादन करणारा शोधनिबंध २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फुलझाडांनी नेच्यांना संपवले नाही, तर आपल्या सावलीत आणि फांद्यांवर त्यांना नवी घरे दिली, असा त्याचा आशय. त्या दृष्टीने पाहिले, तर आंब्याच्या खांद्यावरचे बाशिंग हे जुन्या जगाचे भग्न शिल्प नसून नव्या जगाशी केलेल्या तडजोडीचे यशस्वी उदाहरण आहे.

एका झुबक्यातील वस्ती

त्याच वर्षी ‘नेचर’मध्येच आलेला दुसरा एक अभ्यास अधिकच उद्बोधक होता. बोर्निओच्या जंगलात उंच झाडांवर वाढणाऱ्या बर्ड्स नेस्ट फर्नचे मोठे झुबके खाली उतरवून संशोधकांनी त्यांतील कीटकादी जीवांचे वजन केले. एका मोठ्या झुबक्यात जेवढे जीव सापडले, त्यांचे वजन झाडाच्या उर्वरित शेंड्यातील अशा जीवांच्या वजनाइतके भरू शकते, असे त्यांना आढळले. मुंबई-ठाण्याच्या रोपवाटिकांत कुंडीत विकला जातो तोच हा नेचा. पाचोळा गोळा करण्याची त्याची रीत बाशिंगापेक्षा थोडी वेगळी असली, तरी तत्त्व एकच आहे.

बाशिंगाच्या ओंजळीतही मुंग्या, कोळी, गोमा, झुरळांचे रानटी भाईबंद अशी वस्ती असते. बाशिंगाच्या हिरव्या पानांवर गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथीही असतात, आणि मुंग्या त्या रसाला येतात. फूलच नसलेल्या वनस्पतीने मध द्यावा, ही गोष्ट विलक्षण खरी! या किड्यामुंग्यांवर पक्षी व सरडे पोसले जातात. झाडावर बाशिंग असणे याचा अर्थ झाडाच्या एका खांद्यावर अख्खी आळी वसलेली असणे, असा होतो.

माणसानेही त्याचा उपयोग शोधला आहे. संस्कृत-मराठी वनस्पतिनामांत ते अश्वकात्री म्हणून येते आणि पारंपरिक औषधांत त्याचे मूलक्षोड वापरले जाते. तमिळनाडूतील कोल्ली डोंगररांगांत मेंढीच्या पायासारख्या दिसणाऱ्या या लवदार खोडाचे सूप पर्यटकांना विकले जाते. गुडघेदुखीवर ते गुणकारी असल्याचे सांगितले जाते. प्रयोगशाळेत त्याच्या अर्कावर बरेच प्रयोग झाले असले, तरी परीक्षानळीतील गुण आणि रुग्णाला येणारा गुण यांत अंतर असते, हे विसरता कामा नये. शिवाय पान खुडले तर नवे येते, मूलक्षोड उपटले तर नेचाच जातो. औषधाची ख्याती ही अशा वनस्पतींना अनेकदा वरदानाऐवजी शापच ठरते.

रोपांचा हिशेब आणि वृक्षांचा हिशेब

आता पुन्हा पडघ्याकडे वळू. मुंबई-नाशिक महामार्ग, भिवंडी परिसरात पसरलेली गोदामे आणि ५ जून २०२५ रोजी आमणेपर्यंत पूर्णत्वास गेलेला समृद्धी महामार्ग यांमुळे या भागाचे रूप पालटले आहे. रस्ते हवेत, रोजगार हवा, यात दुमत नाही. पण रस्ता रुंद होताना पहिला बळी जातो तो कडेच्या जुन्या झाडांचा, हा सर्वत्रचा अनुभव आहे. मग भरपाई म्हणून रोपे लावली जातात, आकडे जाहीर होतात आणि हिशेब पुरा झाला असे मानले जाते.

बाशिंगाच्या दृष्टीने हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. शंभर रोपे म्हणजे एक जुना आंबा नव्हे. रोपाला सावली देण्याइतके मोठे होण्यास काही वर्षे लागतील. पण नेच्याला ठाव देण्याइतकी साल आणि फांदी येण्यास एक पिढी जाईल. तोपर्यंत बीजुके देणारा जुना नेचाच जवळपास उरला नसेल, तर त्या झाडावर बाशिंग यावे कोठून? झाडाचे पुनर्रोपण करतानाही फांद्या छाटून बुंधा तेवढा हलवतात. तो बुंधा जगला, तरी त्यावरची आळी उठलेलीच असते.

कायद्याने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी असलेल्या १९७५ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून मान्यता मिळाली, आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले. झाडाचे वय मोजले जाऊ लागले, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु हा कायदा नागरी क्षेत्रांचा. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू असून त्यात विशिष्ट जातींच्या झाडांची तोड परवानगीवाचून करता येत नाही. शहर आणि रान यांच्या सीमेवरच्या, झपाट्याने बदलणाऱ्या परिसरात झाडाचे वय आणि त्यावरची जीवसृष्टी मोजण्याची गरज सर्वांत अधिक आहे. तेथेच ही वारशाची कल्पना पोहोचलेली नाही.

सामान्य वाचकाला काय करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे ओळख. फांदीत शिरलेली गाठ, जाडसर पाने आणि फुले-फळे दिसली तर ते बांडगूळ; बुडाशी वाळक्या पानांची ओंजळ आणि पाठीवर ठिपके असलेली कातरलेली पाने दिसली तर ते बाशिंग. आवारातील माळ्याला हा फरक एकदा दाखवून दिला, तरी एखादा नेचा वाचेल. दुसरे असे, की हौसेपोटी रानातले बाशिंग ओरबाडून बाल्कनीत आणू नये. मात्र झाड तोडले जाणारच असेल, तर त्यावरचे बाशिंग मूलक्षोडासह अलगद सोडवून, पावसाच्या तोंडावर जवळच्या एखाद्या जुन्या झाडाच्या फांदीला काथ्याच्या दोरीने बांधता येते. मुळांनी साल धरली, की दोरी कुजून आपोआप गळते. तिसरी गोष्ट मोठ्यांनी करायची आहे. रस्त्याचा आराखडा आखताना वाटेत येणाऱ्या झाडांची केवळ संख्या न नोंदवता त्यांचे वय आणि त्यांच्यावर वस्तीला असलेल्या वनस्पतींचीही नोंद व्हावी, म्हणजे कोणते झाड वळसा घालून वाचवण्याजोगे आहे, हे कुऱ्हाड लागण्यापूर्वी कळेल.

झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, असे आपण मुलांना शिकवतो आणि ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला, लावलेले झाड म्हातारे होऊ देणे हेही तितकेच पुण्याचे काम आहे, हे शिकवण्याची वेळ आता आली आहे. कारण रोप एका दिवसात लावता येते. त्याच्या माथ्यावर बाशिंग चढायला मात्र काळच जावा लागतो.